बाटल्याला हुडहुडी भरते तेव्हा

मे महिना, डोंबिवलीतल्या एखाद्या मंगल कार्यालयाचं मागचं अंगण. आत मंगलाष्टकं रंगात आली आहेत, बाहेर आचाऱ्यांच्या तीन भट्ट्या धडधडताहेत. हवेत ३५ अंशांचा उकाडा, आचाऱ्यांचे सदरे पाठीला चिकटलेले. आता त्या भट्ट्यांना गॅस पुरवणारा निळा बाटला बघा. त्याच्या खालच्या अर्ध्या अंगावर पांढरा थर चढलाय. नखाने खरवडा, भुगा निघेल. बर्फ आहे तो. भर मे महिन्यात, भट्टीपासून चार हातांवर, अस्सल बर्फ!

ज्याच्या पोटातून आग निघते, तोच गारठतो? हे काय गौडबंगाल आहे?

गंमत अशी की गॅसच्या बाटल्यात गॅस फारच थोडा असतो. हलवून बघा, आत काहीतरी डुचमळतं. तो द्रव आहे, प्रोपेन आणि ब्युटेन या दोन भावंडांचं मिश्रण. साध्या हवेच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशावर. म्हणजे डोंबिवलीच्या कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी, हे दोघे उकळायला टपलेलेच असतात. पोलादी भिंत आणि आतली कोंडलेली वाफ त्यांना दाबून धरते, एवढंच. तुम्ही शेगडीची कळ फिरवता, थोडी वाफ बाहेर पडते, दाब उतरतो आणि आतला द्रव लगेच तेवढाच उकळून जागा भरून काढतो. तुमच्या ओट्याखाली, अगदी शांतपणे, एक द्रव उकळत असतो!

उकळायला उष्णता लागते. ती इथे कोण देतं? बाटल्याखाली तर जाळ नाही. द्रव ती स्वतःच्या अंगातून काढतो, मग पोलादातून, मग भोवतालच्या हवेतून. आपला माठ पाझरतो आणि पाणी गार करतो, त्याच हिशेबाने हा बाटला स्वतःला गार करत जातो. एक किलो द्रवाची वाफ व्हायला साधारण ३७० किलोज्यूल उष्णता लागते. तोच किलो जळला की ४६,००० किलोज्यूल परत करतो. सव्वाशे पट परतावा! पण ते पहिले ३७० रोख आणि आगाऊ मोजावे लागतात. उधारी नाही.

घरातला एक बर्नर तासाला दीडशेएक ग्रॅम गॅस खातो. त्याची वाफ करायला १५ वॅट पुरतात, आणि तेवढी ऊब स्वयंपाकघरातली हवा बाटल्याला सहज देते. म्हणून घरी काही जाणवत नाही. आचाऱ्याची मोठी भट्टी तासाला दोन किलो खाते असं धरा. तीन भट्ट्या म्हणजे सहा किलो, म्हणजे ६०० वॅट. एवढी उष्णता त्या पोलादी कातडीतून आत शिरेपर्यंत द्रवाचा धीर सुटतो आणि त्याचं तापमान घसरत जातं. आधी बाटल्याला घाम फुटतो, मग बर्फ चढतो.

तो घाम कुठवर आलाय ते नीट पाहिलंत? खाली ओला, वर कोरडा, मध्ये सरळ रेघ. जिथे द्रव आहे तिथलीच भिंत गार पडते, म्हणून ती रेघ म्हणजे आत किती माल उरलाय याची खूण! आपल्याकडे बायका ओलं फडकं फिरवून बाटला किती भरलाय ते बघतात, ते याच रेघेच्या शोधात. शिवाय ठाण्या-कल्याणच्या खाडीकाठच्या दमट हवेचा बाटल्यावर एक उपकार असतो. हवेतल्या बाष्पाचं पाणी होताना एकेका ग्रॅममागे अडीच हजार ज्यूलच्या आसपास उष्णता सुटते, ती बाटल्यालाच मिळते. ज्या घामाला आपण आजाराचं लक्षण समजतो, तो औषधही आहे. कोरड्या हवेतल्या बाटल्याच्या नशिबी हे नाही. मात्र बर्फाचा जाड थर बसला की तोच गोधडी होऊन बाहेरची ऊब अडवतो.

मग जाळ मंदावतो, आचारी वैतागतो आणि कुणीतरी बाटला आडवा करतो. हे मात्र कृपा करून नको. आडव्या बाटल्यातून वाफेऐवजी द्रव नळीत शिरतो, आणि एक लिटर द्रव म्हणजे अडीचशेएक लिटर गॅस. भट्टीतून जाळाचा लोळ उठायला तेवढं पुरे. बाटल्याला जाळाने शेकणं तर त्याहून भयंकर. जाणते केटरर तीन-चार बाटले एकत्र जोडतात. प्रत्येकावरचा भार कमी, कातडी तीन-चारपट, बर्फ गायब. उपाय इतका साधा आहे की त्यामागचं भौतिकशास्त्र माहीत नसलेल्यालाही अनुभवाने सापडतो.

हा द्रव सापडला तोही असाच एका तक्रारीतून. १९१० साली अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग या रसायनतज्ज्ञाकडे एका मोटारवाल्याचं गाऱ्हाणं आलं, अशी गोष्ट सांगतात: विकत घेतलेलं पेट्रोल घरी जाईपर्यंत उडून जातं! स्नेलिंगने त्या उडणाऱ्या वाफा पकडल्या, वेगळ्या केल्या, आणि त्यांत प्रोपेन-ब्युटेन निघाले. आपल्याकडे पन्नाशीच्या दशकात तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले आणि मुंबईच्या स्वयंपाकघरांत बर्मा शेल कंपनीचा ‘बर्शेन’ गॅस आला. तोच राष्ट्रीयीकरणानंतरचा भारत गॅस.

आता ऋतू बदलू. जानेवारीची पहाट, कल्याणातलं एकत्र कुटुंब, गॅसचा गीझर. पहिल्याची आंघोळ झकास. दुसऱ्याची बरी. तिसरा डोक्यावर तांब्या घेतो आणि किंचाळतो. बाटला तर अजून हलवला की डुचमळतोय! मग?

दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. मिश्रणातला चपळ भाऊ प्रोपेन जास्त उडतो, सुस्त ब्युटेन मागे राहतो. त्यामुळे बाटला संपत येतो तसा आतला माल थंडीला जास्त जास्त घाबरणारा होत जातो. त्यात मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणाऱ्या गीझरची भूक घरच्या बर्नरच्या सहापट, वाफेसाठी ९५ वॅट मागणारी. तळाशी दोन किलो द्रव उरला असेल तर ओली कातडीही थोडीशीच. पंधरा-वीस मिनिटांत तो द्रव दहाएक अंशांनी उतरतो. पहाटे पारा १४-१५ वर असला तर उरलेला द्रव पाच अंशांच्या आसपास. तिथे ब्युटेनचा दाब इतका लुळा पडतो की रेग्युलेटरला पुरेशी धार देता येत नाही. तिसऱ्याने अर्धा तास थांबावं. बाटला हवेतून ऊब घेतो आणि ‘संपलेला’ गॅस परत येतो!

पण दरवेळी दोष बाटल्याचाच असतो असं नाही. गीझर पेटण्याआधी आत एक सबंध पंचायत बसते. पहिला प्रश्न पाण्याचा. नळ सोडला की पाण्याचा जोर एका रबरी पडद्याला ढकलतो, पडदा एक बारीक बटण दाबतो. जोर नसेल तर बटण दाबलं जात नाही आणि पुढचं सगळं ठप्प. इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीवरच्या टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्यांचे गीझर का रुसतात ते इथे कळतं: पाण्याला पडायला उंचीच नाही. बटण दाबलं गेलं की दोन मोठे सेल ठिणग्या पाडतात, गॅसची झडप उघडते, जाळ होतो.

आणि मग यंत्र विचारतं: खरंच पेटलं का? त्याला डोळे नाहीत. कसं ओळखणार?

ज्योतीतून वीज वाहते! जळण्याच्या झटापटीत वायूचे काही रेणू विद्युतभारित होतात. जाळात खुपसलेल्या एका धातूच्या काडीतून यंत्र बारीकसा प्रवाह पाठवून बघतं. काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा काही दहालाखांश हिस्सा, पार गेला तर ज्योत आहे. नाही गेला तर झडप बंद. गीझर पेटतो आणि चार-पाच सेकंदांत आपोआप विझतो, ही तक्रार ऐकली असेल. अनेकदा त्या काडीवर काजळी बसलेली असते. जाळ समोर लवलवत असतो आणि बिचाऱ्या यंत्राला तो दिसत नसतो. जाणत्या मेकॅनिकने काडी घासली की दृष्टी परत.

हीच पंचायत जरा मोठी करून चाकांवर ठेवली की मोटरहोमचा हीटर होतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण इथे गाडीत हीटर लावायची वेळ कुठली येणार! अमेरिकेत डेन्व्हरकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबाने डिसेंबरात भाड्याची मोटरहोम काढली तर मात्र येते. उणे २० अंशांत ब्युटेनचा उपयोग शून्य. म्हणून तिथल्या टाकीत किमान ९० टक्के प्रोपेन, ज्याचा दाब त्या थंडीतही हवेच्या दुपटीहून जास्त असतो. तरी पहाटे हीटर टक्‌ वाजून गप्प बसतो. लोक म्हणतात, गॅस गोठला. गोठेल कसा? प्रोपेन गोठायला उणे १८८ अंश लागतात! गोठतं ते रेग्युलेटरच्या अरुंद छिद्रात अडकलेलं पाणी, किंवा त्याच्या श्वासाच्या भोकावर बसलेलं हिम.

आणि पुष्कळदा गुन्हेगार गॅस नसतोच, बॅटरी असते. त्या हीटरमध्ये जाळाआधी पंखा फिरतो आणि त्याच्या वाऱ्याने एक पातळ पाती झुकली तरच ठिणगीला परवानगी मिळते. उणे १८ अंशांत लेड-ॲसिड बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. पंखा रेंगाळतो, पाती झुकत नाही, ठिणगी पडत नाही. टाकी भरलेली, प्रोपेन तयार, आणि कुटुंब कुडकुडतंय, कारण एक पाती हलली नाही!

ही सगळी संशयी यंत्रणा कशासाठी? न जळलेला गॅस हवेपेक्षा दीड-दोनपट जड, तो जमिनीशी साचतो. मूळचा त्याला वास नाही. तो घाणेरडा वास मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा, आणि आपलं नाक तो अब्जात एखाद्या कणालाही पकडतं. पण हा पहारेकरी जाळात जळून जातो. बंद न्हाणीघरात हवा कमी पडली की अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला ना रंग, ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत. यात तडजोड नाही.

ठाण्यात बऱ्याच इमारतींत आता महानगर गॅसची नळी आली आहे. तिच्यातला मिथेन उणे १६१ अंशांवर उकळतो, घरी येतो तोच वायू होऊन, त्यामुळे बर्फ, घामाची रेघ आणि तिसऱ्याची किंकाळी, सगळं बाद. रबरी पडदा आणि जाळातली काडी मात्र तशीच. बदलतं ते नोझल. आकारमानाला आकारमान धरलं तर मिथेनची ऊब बाटल्यातल्या गॅसच्या निम्म्याहून कमी, म्हणून जोडणी करायला आलेला माणूस शेगडी उघडतो, जुनं नोझल काढतो आणि जरा मोठ्या छिद्राचं बसवतो.