रुतलेल्या चाकाचं गणित

मुलांनो, ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आषाढीची गर्दी नुकतीच ओसरली होती. पंढरपुरातल्या आमच्या शाळेत मी सातवीच्या वह्या तपासत बसले होते. एका वहीच्या शेवटच्या पानावर एक चित्र दिसलं. मोठ्ठी पिकअप गाडी! चाकं ट्रॅक्टरएवढी. टपावर आठ दिवे. पुढे जाडजूड लोखंडी गार्ड. बॉनेटच्या बाजूने हत्तीच्या सोंडेसारखी वर गेलेली नळी. मागे हौद्यात दोन बाकं. आणि खाली लिहिलेलं, 'आमची गाडी. आता कधीच रुतणार नाही.'

मी त्या मुलाला जवळ बोलावलं. आधी तो घाबरला. मग हळूहळू सगळं सांगू लागला. त्याच्या बाबांची पिकअप वर्षभर शेतातून डाळिंबं आणि कांदे वाहते. आषाढात मात्र ती एका दिंडीबरोबर असते. तंबू, मोठी पातेली, शेगड्या, शिधा सगळं तिच्यातच. त्या वर्षी मुक्कामाच्या रानात पावसाने चिखल झाला आणि गाडीचं मागचं चाक रुतलं. ट्रॅक्टर येऊन टोचन करीपर्यंत मध्यरात्र उलटली. दिवसभर चाललेली म्हातारी माणसं नुसती केळी खाऊन झोपली.

'बाबा रात्रभर कुणाशी बोललेच नाहीत,' तो म्हणाला. 'आता भिशीचे पैसे आलेत. ते सगळे गाडीलाच लावायचे म्हणतात.'

घरचे साठवलेले पैसे! मग मी ठरवलं, या वेळी गणिताच्या तासाला ही गाडीच वर्गात आणायची. खरी नव्हे हं, कागदावरची! ओळखीच्या एका गॅरेजवाल्या मिस्त्रींनाही विनंती केली. तेही हात पुसत आनंदाने आले.

आधी रस्ता, मग गाडी

मिस्त्रींनी पहिलाच प्रश्न विचारला, 'गाडी कुठं चालते?' सगळे गप्प. आम्ही तर थेट चाकांपासून सुरुवात करणार होतो!

तुम्ही जीप पाहिली असेल. तिचा जन्मही असाच एका यादीतून झाला. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला खडबडीत रानातून धावणारी हलकी गाडी हवी होती. त्यांनी गाडीआधी अटी लिहून काढल्या. चारही चाकांना जोर हवा, भार इतका, वजन इतकं. वजनाची अट तर इतकी कडक होती की पुढे ती सैल करावी लागली. त्या यादीतून जीप घडली. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि मग ती आपल्या खेड्यापाड्यांत पोहोचली.

आमच्या मुलानेही बाबांना विचारून यादी आणली. वर्षातले बहुतेक दिवस डांबरी रस्ता. थोडे दिवस बांधावरची कच्ची वाट. आणि पावसाळ्यातले मोजके दिवस काळ्या रानातला चिखल. म्हणजे मोजक्या दिवसांसाठी केलेला बदल उरलेल्या सगळ्या दिवसांना नडणार नाही, हे पाहायला हवं होतं.

मोठं चाक, मोठा परीघ

आता चाकं. समजा, गाडीच्या चाकाचा व्यास ७० सेंटीमीटर आहे. परीघ किती? २२/७ गुणिले ७०, म्हणजे २२० सेंटीमीटर. त्याऐवजी ७७ सेंटीमीटरचं चाक बसवलं तर परीघ होतो २४२. म्हणजे एका फेऱ्यात गाडी २२ सेंटीमीटर जास्त पुढे जाते.

'मग चांगलंच की!' मुलं ओरडली.

थांबा. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. चाक बदललं हे त्याला कुठे ठाऊक? काटा ५० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ५५ च्या वेगाने पळत असेल. शिवाय मोठं चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि थांबवायला ब्रेकलाही. आणि एवढं करून गाडी उचलली किती जाते? सात सेंटीमीटर? नाही! एक्सेल चाकाच्या मध्यावर असतो. म्हणून व्यास वाढतो त्याच्या निम्मीच उंची मिळते. फक्त साडेतीन सेंटीमीटर.

'मग जादा पाटे टाकू,' दुसरा म्हणाला. गाडीखाली पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात, ते हे पाटे. मिस्त्री हसले. ते म्हणाले, 'पाटे वाढवून हौदा वर जातो, पण एक्सेल आहे तिथंच राहतो. चिखलात आधी टेकतो तो एक्सेलच्या मधला फुगीर भाग. त्याचं काय?' शिवाय पाटे ताठ झाले की गाडी जास्त आदळते आणि डाळिंबांना मार लागतो. आणि उंच गाडीवर उंच सामान रचलं की वळणावर ती कलंडायची भीती वाढते.

एकच चाक का फिरतं?

मुलाने पाहिलं होतं की मागचं डावं चाक चिखलात गरगर फिरत होतं आणि उजवं मात्र ढिम्म उभं होतं. हे कसं?

दिंडी वळते तेव्हा नीट पाहा. रांगेच्या आतल्या बाजूचे वारकरी जवळजवळ जागीच पावलं टाकतात. बाहेरच्या बाजूच्यांना मात्र लांब चालावं लागतं. गाडीच्या चाकांचंही तसंच. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात. त्यासाठी एक्सेलच्या त्या फुगीर भागात दातेरी चाकांची एक जुळणी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. तिच्यामुळे दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू शकतात.

पण तिची एक खोड आहे. जे चाक सहज फिरतं, त्याच्याकडेच सगळे फेरे जातात. एक चाक निसरड्या चिखलात असेल तर तेच फिरत राहतं. कोरड्या जमिनीवरचं चाक हलतच नाही. काही गाड्यांना दोन्ही चाकं एकत्र बांधणारं कुलूप कंपनीतूनच येतं, काहींना चारही चाकांचा जोर असतो. पण साध्या पिकअपला मागाहून चारही चाकांचा जोर द्यायचा, तर गिअरबॉक्सपासून पुढच्या एक्सेलपर्यंत सगळं बदलावं लागतं. भिशीच्या पैशांत ते कसं बसणार?

त्यापेक्षा फिरणाऱ्या चाकाखाली फळी किंवा गोणपाट सारावं. चाकाला पकड मिळते आणि गाडी निघू शकते. मात्र अॅक्सिलेटर हळू द्यायचा. जोरात दिला तर चाक आणखी खड्डा करतं.

हवेची करामत

चंद्रभागेच्या वाळवंटात टाचांवर चालून पाहा. टाच आत जाते. सपाट पावलाने चाललात तर कमी रुतता. वजन तेच, पण ते जास्त जागेवर पसरतं. टायरमधली हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो. आइसलँडमधले लोक रुंद टायरमधली हवा खूप कमी करून बर्फावरून गाड्या नेतात, ते याच नियमाने.

ढोबळ हिशेब करू. एका चाकावर ६०० किलो भार आहे. हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ४ किलो असेल तर टायर सुमारे १५० चौरस सेंटीमीटर जागेवर टेकतो. दाब २ किलो केला तर ३०० वर! वाळूत याचा चांगला उपयोग होतो. पण किती हवा काढायची हे जाणत्याला विचारूनच ठरवायचं. गाडी अगदी सावकाश न्यायची आणि रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायची. कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो. काळ्या चिखलात मात्र नुसतं पसरून भागत नाही. तिथे टायरच्या नक्षीत खोल, रुंद खाचा हव्यात. नाहीतर खाचा चिखलाने भरतात आणि टायर गुळगुळीत होतो.

सोंड, गार्ड आणि बाकं

चित्रातल्या सोंडेचं नाव स्नॉर्केल. इंजिनाला लागणारी हवा ती उंचावरून घेते. इंजिनात पाणी शिरलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि आतले दांडे वाकतात. पण स्नॉर्केल गाडीला पोहायला शिकवत नाही! फूटभर वाहतं पाणी लहान मोटार ढकलू शकतं आणि दोन फूट पाणी पिकअपसुद्धा वाहून नेऊ शकतं. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला आलेला पूर पंढरपूरकरांना आठवत असेल. पुलावर पाणी असलं तर थांबायचं. त्यावर दुसरा उपाय नाही.

पुढच्या लोखंडी गार्डला केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये मनाई केली. धडकेत तो पायी चालणाऱ्यांना जास्त इजा करतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीत लिहिलेली गाडी मनाला येईल तशी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं.

मग कल्पकतेला जागाच नाही का? आहे ना! सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी! डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचं जाहीर कौतुक केलं. पण ती नियमांत बसत नाही, त्यामुळे रस्त्यावर चालू दिली जाणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. तिच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. बुद्धीला दाद मिळाली, पण रस्त्याचा नियम सगळ्यांना सारखाच राहिला.

राहिली बाकं. 'ती कशाला रे?' मी विचारलं. मुलाने मान खाली घातली. 'आजीसाठी. तिला आता एवढं चालवत नाही. यंदा ती सामानावर बसून आली.'

वर्गात कुणीच बोललं नाही. मालाच्या हौद्यात माणसं बसवायला कायद्याने बंदी आहे, हे मी सांगितलं. कारणही सांगितलं. गाडी कलंडली तर हौद्यात धरायला काही नसतं आणि वरचं सामान अंगावर येतं. मुलाने खोडरबर घेतलं आणि दोन्ही बाकं पुसली.

शेवटचा आराखडा

मग वहीत नवं पान सुरू झालं. कंपनीने सांगितलेल्या मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर. हवा मोजायचं मापक आणि पंप. दोन जाड फळ्या, फावडं, गोणपाटं. ओढायला मजबूत दोर. तो बंपरला नव्हे, चेसिसच्या हुकालाच अडकवायचा आणि ओढताना सगळ्यांनी लांब उभं राहायचं, कारण तुटलेला दोर चाबकासारखा येतो. मागे चमकणाऱ्या पट्ट्या. जड पातेली खाली, हलके तंबू वर. स्वयंपाकाचं सामान फाळक्याजवळ, म्हणजे गाडी अडली तरी हाताने उतरवता येईल. आणि शेवटची ओळ, 'आजी पुढे, बाबांच्या शेजारी, पट्टा लावून.'

काही दिवसांनी बाबा शाळेत आले. 'बाई, निम्मे पैसे वाचले,' म्हणाले. 'पण पोराला हे सगळं सुचलं, आणि मला नाही, याचंच नवल वाटतं.'

पुढच्या आषाढीला पाऊस झाला आणि चाक पुन्हा रुतलं! पण फळ्या सारल्या, दोन्ही चाकांपुढचा चिखल उपसला आणि अर्ध्या तासात गाडी बाहेर आली. तोवर चार जणांनी शेगड्या उतरवून चूल पेटवलीसुद्धा होती. सुट्टीनंतर मुलाने मला वही दाखवली. चित्राखालची जुनी ओळ खोडून त्याने लिहिलं होतं, 'रुतली तरी निघेल.'

करून पाहा

१. पाटीवर एक काडेपेटी आडवी आणि एक उभी ठेवा. पाटी हळूहळू तिरकी करा. घसरू नये म्हणून खाली पट्टीचा अडसर लावा. आधी कोणती कलंडते?

२. ७० सेंटीमीटरऐवजी ८४ सेंटीमीटर व्यासाचं चाक लावलं आणि काटा ५० दाखवत असला, तर गाडीचा खरा वेग किती?

(उत्तर : १. उभी. २. ताशी ६० किलोमीटर.)