उडी मारणारी मोटारसायकल

मोटारसायकलींची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो गुळगुळीत डांबरी रस्ता आणि त्यावरून वाऱ्यासारख्या पळणाऱ्या गाड्या. पण शर्यतीचा आणखी एक प्रकार आहे. त्यात डांबर औषधालाही सापडायचे नाही! माती, चिखल, खड्डे आणि मुद्दाम रचलेले उंच उंचवटे यांनी भरलेल्या वाटेवर तीस-चाळीस स्वार एकदम सुटतात. उंचवट्यावरून गाडी हवेत उडते, पुष्कळ पलीकडे जाऊन जमिनीवर येते आणि तशीच पुढे पळते. या शर्यतीचे नाव मोटोक्रॉस. १९२४ साली इंग्लंडमधील सरे परगण्यात या प्रकारची पहिली शर्यत झाली असे मानतात. १९५७ पासून तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरू लागली.

इतक्या उंचावरून आदळूनही गाडी मोडत कशी नाही? स्वाराच्या मणक्याचे काय होते? आणि आदळल्यावर गाडी पुन्हा उसळून त्याला फेकून का देत नाही? या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता १९७० नंतरच्या दहा-बारा वर्षांत या गाडीची मागची बाजू पार बदलून गेली. त्या बदलाची ही गोष्ट. ती समजायला शाळेच्या पुस्तकातील पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

ताकद कुठे जाते?

शर्यत जिंकायची तर इंजिन जास्त ताकदीचे हवे, असे आपल्याला वाटते. अनेक वर्षे कारखानदारांनाही तसेच वाटत होते. पण जरा विचार करा. इंजिन फक्त मागचे चाक फिरवते. चाक जमिनीला मागे रेटते आणि जमीन चाकाला पुढे ढकलते. हे ढकलणे घर्षणावर अवलंबून असते आणि घर्षण मिळायचे तर चाक जमिनीवर दाबून बसलेले हवे. चाक हवेत असेल तर? इंजिन नुसते ओरडेल, चाक गरगर फिरेल आणि गाडीचा वेग तसूभरही वाढणार नाही. ब्रेक दाबला तरी चाक थांबेल, गाडी थांबणार नाही. पुढचे चाक हवेत असेल तर हँडल फिरवूनही गाडी वळणार नाही.

मोठ्या उडीत चाके हवेत असतात, त्याला इलाज नाही. पण त्याहून कितीतरी जास्त वेळा चाक जमीन सोडते ते लहान लहान खड्ड्यांवर. शर्यत सुरू झाली की गाड्यांच्या चाकांनी माती उकरली जाते आणि वाट कपडे धुण्याच्या जुन्या नालीदार पाटीसारखी होते. तिच्यावरून चाक ठेचकाळत, उडत जाते. प्रत्येक उडीला जोर वाया आणि ताबाही वाया! तेव्हा खरा प्रश्न ताकदीचा नव्हता. चाक जमिनीवर कसे ठेवायचे, हा होता.

दहा सेंटिमीटर की तीस?

आता आदळण्याचे गणित करू. समजा, गाडी आणि स्वार मिळून वस्तुमान १८० किलोग्रॅम आहे आणि ती दोन मीटर उंचीवरून सरळ खाली सपाट जमिनीवर पडली. जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ६.३ मीटर होईल, म्हणजे तासाला साडेबावीस किलोमीटर. या वेळी तिची गतिज ऊर्जा सुमारे ३५०० ज्यूल असेल. ही ऊर्जा कुठेतरी जिरवल्याशिवाय गाडी थांबणार नाही.

कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे तुम्हांला ठाऊक आहे. तीच ऊर्जा कमी अंतरात जिरवायची तर बल मोठे लागते, जास्त अंतरात जिरवायची तर लहान पुरते. ओट्यावरून खाली उडी मारताना आपण न शिकवता गुडघे वाकवतो, ते याचसाठी.

१९७० च्या सुमारास मोटोक्रॉसच्या गाडीचे मागचे चाक वर-खाली सरकायला जेमतेम दहा सेंटिमीटर, म्हणजे चार इंच जागा असे. आपल्या गाडीला या दहा सेंटिमीटरांत थांबायचे असेल तर सरासरी बल तिच्या वजनाच्या २१ पट येते. १८० किलोची गाडी क्षणभर पावणेचार टनांची झाल्यासारखी! हीच जागा तीस सेंटिमीटर केली, तर बल वजनाच्या आठपटीहूनही कमी होते.

तुम्ही म्हणाल, आठपट तरी काय थोडे आहे? बरोबर आहे. म्हणूनच कसलेला स्वार सपाटीवर उतरत नाही, उतारावर उतरतो. गाडी तिरकी खाली येत असते आणि जमीनही तशीच तिरकी असते. त्यामुळे जमिनीच्या काटकोनात असलेला वेग फार थोडा उरतो. तो निम्मा झाला तर जिरवायची ऊर्जा चौथाईच राहते. शिवाय स्वार पायांवर उभा असतो, त्याचे गुडघे आणि कोपर हीही एक प्रकारची स्प्रिंगच. पण अंदाज चुकून गाडी सपाटीवर पडली, तर मणका आणि मनगटे वाचवायला या तीस सेंटिमीटरांचाच आधार असतो.

या जागेचा आणखी एक उपयोग आहे. स्वार बसला की मागची बाजू थोडी दबते. आजच्या गाड्यांत तीसपैकी साधारण दहा सेंटिमीटर अशी मुद्दाम दबू देतात. कशासाठी? पुढे खड्डा आला तर चाकाला खाली उतरायला वाव हवा म्हणून. उंचवट्यावर चाक वर जाते, खड्ड्यात खाली जाते, आणि दोन्ही वेळा जमिनीला धरून राहते.

स्प्रिंग साठवते, तेल जिरवते

धक्का सोसायला स्प्रिंग असते, हे सर्वांना माहीत आहे. पण स्प्रिंग ऊर्जा जिरवत नाही, नुसती साठवते आणि लगेच परत करते. नुसत्या स्प्रिंगवर बसवलेली गाडी आदळल्यावर चेंडूसारखी उसळेल आणि स्वाराला हँडलवरून पुढे भिरकावील. म्हणून स्प्रिंगच्या सोबतीला तेलाने भरलेली नळी असते. नळीत बारीक छिद्रे असलेला दट्ट्या वर-खाली होतो आणि तेल त्या छिद्रांतून रडतखडत पलीकडे जाते. या घर्षणात ऊर्जेची उष्णता होते. स्प्रिंग आणि नळी मिळून जो भाग होतो त्याला शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणतात. गॅरेजमधले मिस्त्री नुसते ‘शॉकअप’ म्हणतात.

या नळीचा स्वभाव तुम्ही घरी पाहू शकता. सायकलचा पंप घ्या. त्याच्या तोंडावर बोट धरा, पण हवा निसटायला बारीक फट ठेवा. दांडा सावकाश दाबा, सहज जाईल. आता झटक्याने दाबा, पंप हट्टाने विरोध करील. विरोध वेगावर अवलंबून असतो! तेलाची नळी असेच वागते.

पण ही उष्णता जाते कुठे? समजा, अर्ध्या तासाच्या शर्यतीत दीडशे वेळा उतरावे लागले आणि दर वेळी मागच्या बाजूने फक्त १००० ज्यूल ऊर्जा जिरवली. एकूण झाले दीड लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने अर्धा लिटर पाण्याचे तापमान सुमारे ७० अंशांनी वाढेल. शॉकमधले तेल तर याहून थोडे असते. तापलेले तेल पातळ होते, त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस होतो, आणि फेसाला कसला विरोध करता येणार? शर्यतीच्या उत्तरार्धात, स्वार आधीच दमलेला असताना, गाडी उसळायला लागायची ती यामुळे.

दोनाच्या जागी एक

मागचे चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसवलेले असते, त्या जोडीला आपल्याकडे ‘चिमटा’ म्हणतात. चिमट्याचे पुढचे टोक इंजिनामागे सांगाड्याला बिजागरीसारखे जोडलेले असते, म्हणून चाक वर-खाली होऊ शकते. जुन्या रचनेत चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक शॉक जवळजवळ उभा, आसाच्या लगत बसवलेला असे. चाक जितके वर जाईल तितकाच शॉक दबणार. चाकाला जास्त जागा द्यायची तर शॉक लांब हवा, आणि लांब उभा शॉक ठेवायचा कुठे? शिवाय दोन्ही शॉक तंतोतंत सारखे नसले तर चिमटा पिळवटून चाक वाकडे पडायचे.

बेल्जियमचे लुसिएँ तिल्केन्स यांनी वेगळीच युक्ती काढली. त्यांनी चिमट्यावर दांड्यांचा त्रिकोण उभारला. त्रिकोणासारखा न पिळवटणारा आकार दुसरा नाही, हे पुलांच्या कैच्या पाहिल्या की कळते. या त्रिकोणाच्या वरच्या टोकाला त्यांनी एकच लांब शॉक जोडला आणि तो पेट्रोलच्या टाकीखाली जवळजवळ आडवा निजवला. चाक वर गेले की चिमटा बिजागरीभोवती फिरतो, त्रिकोणाचे टोक पुढे सरकते आणि शॉक दाबते. हे टोक बिजागरीच्या जवळ असते आणि चाक दूर. म्हणून चाक पुष्कळ हलते, शॉक थोडा दबतो. ओळखलेत ना? ही तर आपली तरफ! अर्थात तरफेच्या व्यवहारात फुकट काही मिळत नाही. शॉक कमी दबतो, पण त्याच्यावर बल जास्त येते, म्हणून स्प्रिंग ताठ घ्यावी लागते. एकच मोठा शॉक असल्याने तेलही जास्त मावले, आणि त्यावर दाबाखाली नायट्रोजन वायू भरल्याने फेसाची खोड पुष्कळ कमी झाली.

जपानच्या यामाहा कंपनीने ही कल्पना घेतली आणि तिला ‘मोनोक्रॉस’ असे नाव दिले. १९७३ साली स्वीडनच्या हाकन अँडरसनने या रचनेच्या गाडीवर २५० सीसी गटाचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. मोटोक्रॉसमधले यामाहाचे ते पहिलेच अजिंक्यपद. प्रतिस्पर्धीही स्वस्थ बसले नाहीत. काहींनी दोनच शॉक ठेवले, पण ते पुढे सरकवून तिरके केले. तरफेचा लाभ त्यांनाही मिळाला. चढाओढीत चाकाची जागा वाढत गेली आणि १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ती तीस सेंटिमीटरांच्या घरात पोहोचली.

एक बदलले की सगळे बदलते

यंत्रात एक भाग बदलला की बाकीचे भाग तक्रार करू लागतात. चाकाला जागा हवी म्हणून गाडी उंच झाली. आज या गाडीची बैठक जमिनीपासून ९५ सेंटिमीटरांच्या आसपास असते! गाडी उंच झाली की गुरुत्वमध्य वर गेला. मग वेग वाढवताना पुढचे चाक उचलू पाहते, ब्रेक दाबताना मागचे हलके होते. मागच्या चाकाची हालचाल वाढली तेव्हा पुढच्या चाकाचीही वाढवावी लागली, नाहीतर गाडी पुढून आदळली असती. चिमटा मोठ्या कोनातून फिरू लागला, त्यामुळे साखळी कधी सैल तर कधी ताण खाणारी झाली. तिल्केन्स यांच्या शॉकची जागाही अडचणीची होती. टाकीखाली वारा पोहोचत नसे, म्हणून तो तापे, आणि त्याचे वजन फार वर येई.

आधी मऊ, मग ताठ

राहिला शेवटचा पेच. लहान खड्ड्यांवर चाक जमिनीला चिकटून राहायचे तर स्प्रिंग मऊ हवी. उंच उडीनंतर उतरायचे तर ती ताठ हवी. एकच स्प्रिंग दोन्ही कशी होणार?

१९८० च्या सुमारास यावर तोड निघाली. शॉक टाकीखालून काढून इंजिनाच्या मागे, खालच्या बाजूला उभा केला. चिमटा आणि शॉक यांच्यामध्ये छोट्या दांड्यांची साखळी घातली. चाक थोडे वर आले तर या दांड्या शॉकला थोडेच दाबतात. चाक जसजसे वर येईल तसतसा दांड्यांचा कोन बदलतो आणि चाकाच्या प्रत्येक सेंटिमीटरला शॉक अधिकाधिक दबतो. स्प्रिंग तीच, पण सुरुवातीला मऊ वाटते आणि शेवटी ताठ! वजनही खाली आले. कावासाकीने याला ‘युनि-ट्रॅक’ म्हटले, होंडाने ‘प्रो-लिंक’, सुझुकीने ‘फुल फ्लोटर’. नावे निराळी, तत्त्व एकच. मोटोक्रॉसच्या बहुतेक गाड्या आजही याच तत्त्वावर चालतात.

तुमच्या दारातली गाडी

आता बाहेर उभ्या असलेल्या मोटारसायकली नीट पाहा. काहींच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना शॉक दिसतील. काहींना मात्र एकच, बैठकीखाली मधोमध. मातीच्या वाटेवरचा धडा आपल्या रस्त्यांपर्यंत असा आला आहे.

घरातल्या मोठ्या माणसांना बरोबर घेऊन एक परीक्षाही करा. गाडी स्टँडवरून काढून त्यांना सरळ धरायला सांगा, मागची बाजू जोराने खाली दाबा आणि सोडा. ती वर येऊन थांबली तर ठीक. पण झोक्यासारखी दोन-तीनदा वर-खाली झाली, किंवा शॉकवर तेल ओघळलेले दिसले, तर आतले तेल आपले काम करीत नाही असे समजा. अशी गाडी खड्ड्यांच्या रस्त्यावर चाक टेकवून ठेवू शकत नाही, आणि नेमक्या गरजेच्या क्षणी ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. लगेच मिस्त्रीकडे न्यायला सांगा. उडी मारणाऱ्या स्वाराला जे वाचवते तेच पावसाळ्यानंतरच्या रस्त्यावर तुमच्या घरच्यांनाही वाचवते: जमिनीवर घट्ट टेकलेले चाक.