गोड्या पाण्यातील विषारी सायनोबॅक्टेरियांचे संनियंत्रण : एक विवेचन

प्रस्तावना :

तलाव, जलाशय व संथ वाहणाऱ्या नद्यांच्या पृष्ठभागावर अनुकूल हवामानात हिरवा, दाट तवंग साचलेला दिसतो. सर्वसामान्य भाषेत त्यास शेवाळ म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत 'नीलहरित शैवाल' ही संज्ञा रूढ होती. वस्तुतः हे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू, म्हणजेच सायनोबॅक्टेरिया होत. मायक्रोसिस्टिस, प्लँक्टोथ्रिक्स, रॅफिडिओप्सिस आदी प्रजातींचे काही वाण यकृतास वा मज्जासंस्थेस घातक विषे तयार करतात. एकाच जातीचे विषारी व निर्विष वाण सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. त्यामुळे पाण्याचा रंग हा इशारा ठरतो, पुरावा नव्हे. विष पेशीत आहे की पाण्यात उतरले आहे, हा प्रश्न संनियंत्रणाच्या केंद्रस्थानी का असावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पेशीतील विष व पाण्यातील विष :

मायक्रोसिस्टिन हे यकृतविष पेशी जिवंत असेपर्यंत बहुतांशी पेशीच्या आतच राहते. अशा अखंड पेशी गाळून वेगळ्या केल्यास त्यांच्याबरोबर विषही निघून जाते. मात्र पेशी फुटली की विष पाण्यात विरघळते. मग नेहमीची गाळणप्रक्रिया त्यास पुरेशी रोखू शकत नाही आणि पाणी उकळूनही ते नष्ट होत नाही. सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन या विषाचा मोठा अंश तर जिवंत पेशींतूनही पाण्यात उतरतो.

या भेदाचे महत्त्व ऑस्ट्रेलियातील पाम बेटावरील घटनेने स्पष्ट झाले. १९७९ साली तेथील धरणात वाढलेल्या शेवाळाचा नायनाट करण्यासाठी मोरचूद टाकण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच १४८ व्यक्ती यकृत व आतड्यांच्या विकाराने आजारी पडल्या. त्यांत बहुसंख्य बालके होती. पुढील संशोधनात त्या धरणातील सायनोबॅक्टेरियांपासून सिलिंड्रोस्पर्मॉप्सिनचा शोध लागला. पाणी स्वच्छ करण्याच्या हेतूने केलेल्या उपायाने पेशींतील विष पाण्यात मोकळे झाले असावे, असा या घटनेचा अर्थ लावला जातो.

१९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे याहून भीषण दुर्घटना घडली. एका डायलिसिस केंद्रास पुरविलेल्या, पुरेशा प्रक्रियेविना वापरल्या गेलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिन होते. डायलिसिसमध्ये पाण्याचा संपर्क थेट रक्ताशी येत असल्याने पचनसंस्थेचा अडसर उरला नाही. १०० रुग्णांचे यकृत निकामी झाले व ५२ मृत्यू या विषबाधेशी निगडित ठरले.

संनियंत्रणाचे टप्पे :

प्रत्येक नमुन्याची विषचाचणी करणे खर्चिक असते. म्हणून काम टप्प्याटप्प्याने केले जाते. पहिल्या टप्प्यात प्रत्यक्ष पाहणी, सेची तबकडीने पारदर्शकतेचे मापन आणि फॉस्फरसची नोंद येते. दुसऱ्या टप्प्यात लुगोलच्या आयोडीन द्रावणाने नमुना टिकवून सूक्ष्मदर्शकाखाली गणना करतात. सोबत हरितद्रव्य व फायकोसायनिन या रंगद्रव्यांचे मापन होते. तिसऱ्या टप्प्यात एलायझा चाचणीने अथवा द्रव-वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापन यांच्या साहाय्याने विषाचे प्रमाण ठरवितात. येथे एकूण विष व विरघळलेले विष स्वतंत्रपणे मोजणे अगत्याचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक ग्रंथात दर मिलिलिटरमागे २,००० पेशी ही पहिली व १,००,००० पेशी ही दुसरी इशारापातळी मानली होती. पेशींचे आकारमान जातीनुसार बदलत असल्याने २०२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत जैवघनफळावर भर देण्यात आला आहे. मायक्रोसिस्टिनसाठी दीर्घकालीन पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, अल्पकालीन वापरासाठी १२ व जलविहारासाठी २४ मायक्रोग्रॅम ही मूल्ये संघटनेने सुचविली आहेत.

नमुना कोठून व केव्हा घ्यावा :

मायक्रोसिस्टिसच्या पेशींतील वायुपुटिकांमुळे त्या वर तरंगतात व वाऱ्याबरोबर एका काठाशी गोळा होतात. एकाच तलावाच्या दोन काठांवरील आकडे त्यामुळे अत्यंत भिन्न येऊ शकतात. रॅफिडिओप्सिस मात्र बहुधा तवंग न धरता पाण्यात विखुरलेली राहते; तेथे केवळ डोळ्यांवर विसंबणे घातक ठरते. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराच्या ४ लाखांहून अधिक रहिवाशांना नळाचे पाणी न पिण्याची सूचना देण्यात आली. एरी सरोवरातील त्या वर्षीची वाढ २०११ च्या तुलनेत कमी होती. परंतु वाऱ्यामुळे ती शहराच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणाकडे ढकलली गेली. पाणी उकळू नये, असेही नागरिकांना बजावावे लागले, कारण बाष्पीभवनाने उरलेल्या पाण्यातील विषाचे प्रमाण वाढते. तात्पर्य, सरोवराच्या मध्यभागाइतकेच पाणी उचलण्याच्या ठिकाणचे व तेथील निरनिराळ्या खोलींवरचे नमुने महत्त्वाचे आहेत.

निष्कर्ष :

संनियंत्रणाची फलश्रुती आकड्यांत नसून वेळेवर घेतलेल्या निर्णयात आहे. पेशी अखंड असताना कळले, तर पाणी उचलण्याची खोली बदलणे व पेशी न फोडता गाळणे हे उपाय हाती राहतात. विष विरघळल्यावर कळले, तर सक्रिय कार्बन व ओझोन यांसारख्या महागड्या प्रक्रियांचा अथवा पर्यायी पाणीपुरवठ्याचाच आधार उरतो. पहिल्या दोन टप्प्यांतील बरेचसे काम सूक्ष्मदर्शक, सेची तबकडी व नियमित नोंदवही एवढ्या साधनांवर होऊ शकते. ही साधने महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या आवाक्यातील आहेत. परिसरातील एका जलाशयाची वर्षभर, ठरलेल्या ठिकाणाहून व ठरलेल्या अंतराने ठेवलेली नोंद विद्यार्थ्यांस प्रशिक्षण देईल आणि पाणीपुरवठा यंत्रणेस वेळीच सावध करू शकेल.