परांचीवरून पडलेल्या मजुराची भरपाई कोण देणार?

तारोडी, डोंगरी, उत्तन किंवा मीरा-भाईंदरमधलं कुठलंही बांधकाम घ्या. मजूर परांचीवरून पडला की उत्तर ठरलेलं असतं, 'तो ठेकेदाराचा माणूस, आमचा नाही.' मग थोडी रोकड देऊन प्रकरण मिटवलं जातं. कायदा मात्र वेगळं सांगतो.

जबाबदार कोण?
१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. मजूर ठेकेदारामार्फत आला असला, तरी त्याला थेट बिल्डरकडे भरपाई मागता येते. बिल्डरने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामावर असताना आणि कामामुळे झाला, हे दाखवावं लागतं. कामगाराला ईएसआय लागू असेल, तर लाभ तिथून मिळतात.

रक्कम किती?
मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के, कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के. त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं. तिशीतल्या मजुराचं उदाहरण घेऊ. वय ३०, वेतन १५,००० रुपये, गुणक २०७.९८. मृत्यूसाठी १५,५९,८५० रुपये, पूर्ण अपंगत्वासाठी १८,७१,८२० रुपये होतात.

एक हात गेला, तर अपंगत्व अर्धवटच का? डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ते पूर्ण अपंगत्व मानलं. कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

रोकड घेतली तर हक्क गेला का?
नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. कुटुंबाच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई धरले जात नाहीत. हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेतली, तरी तो करार कायद्यापुढे टिकत नाही.

काय करावं?
• दवाखान्याच्या केसपेपरवर 'कामावर पडून' अशी नोंद करून घ्या. पोलिसांतही नोंद करा.
• हजेरीचे फोटो, मुकादमाचे मेसेज, पगाराच्या ऑनलाइन नोंदी जपून ठेवा.
• दावा २ वर्षांच्या आत करा. कुटुंब गावी राहत असेल, तर तिथूनही दावा करता येतो.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची मदत वेगळी. नोंदणीकृत कामगाराचा कामावर मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख रुपये मिळतात. नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो अपघातानंतर नव्हे, आजच मागून घ्यावा.