क्षमेचे दप्तर वेगळे, शिक्षेचे वेगळे

ओडिशातील ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांच्या हत्याकांडातील जन्मठेपेचा एक कैदी पंचवीस वर्षांच्या कारावासानंतर चांगल्या वर्तणुकीच्या आधारे १६ एप्रिल २०२५ रोजी केओंझरच्या तुरुंगातून सुटला, आणि मुख्य दोषी दारा सिंग याच्या मुदतपूर्व सुटकेची मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्याने त्या जुन्या प्रकरणाचे कागद पुन्हा उलगडले गेले. या निमित्ताने जी चर्चा चालली आहे तीत एक युक्तिवाद वारंवार कानी येतो: ज्यांचा पती आणि दोन मुलगे जिवंत जाळले गेले त्या ग्लॅडिस स्टेन्स यांनीच मारेकऱ्यांना क्षमा केली, मग इतरांनी शिक्षेचा आग्रह का धरावा? वरवर उदार दिसणारा हा युक्तिवाद मला अत्यंत अनुचित वाटतो. एका स्त्रीने स्वतःच्या अंतःकरणात कष्टाने मिळविलेली गोष्ट तिच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या कामी खर्ची घालण्याचा तो प्रकार आहे.

२२ जानेवारी १९९९ च्या मध्यरात्रीनंतर मनोहरपूर खेड्यात गाडीत झोपलेले ग्रॅहम आणि दहा व सहा वर्षांचे फिलिप व टिमोथी यांच्यावर जमाव कसा चालून आला, हे येथे पुन्हा सांगत नाही. सांगण्यासारखे आहे ते पुढचे. १९६५ पासून बारीपद्याला कुष्ठरोग्यांत राहिलेल्या ग्रॅहमच्या पश्चात, तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन ऑस्ट्रेलियाला निघून जाण्यास ग्लॅडिसबाईंना कोणाचीही आडकाठी नव्हती, आणि त्या गेल्या असत्या तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. पण त्या राहिल्या. कुष्ठाश्रमाचा कारभार त्यांनी चालविला, पतीच्या स्मरणार्थ रुग्णालय उभे राहीपर्यंत तेथून पाय काढला नाही, आणि २००४ साली मायदेशी परतल्या. पुढल्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. क्षमेचा उच्चार त्यांनी हत्येनंतर लगेच केला होता; तथापि ज्या मुलखात आपली मुले जळाली त्याच मुलखातील माणसांच्या जखमा पाच वर्षे धूत राहणे, हे त्या उच्चाराचे आचरण होते. आणि सप्टेंबर २००३ मध्ये भुवनेश्वरच्या न्यायालयाने दोषींना शिक्षा फर्मावली तेव्हा त्यांनी निःसंदिग्धपणे बजावले की, मी क्षमा केली आहे, पण क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची सरमिसळ करू नये. आज त्यांचा हवाला देणाऱ्यांपैकी बहुतेकांना या विधानाचा पूर्वार्ध तेवढा पाठ आहे.

क्षमा ही साधना आहे असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, पण तिची रीत काय, पायऱ्या कोणत्या, ती फसते कोठे, हे सहसा कोणी सांगत नाही. पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील महाविहारात आचार्य बुद्धघोषाने ते सांगितले आहे, आणि ज्या ग्रंथात सांगितले आहे त्या ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी आपल्या गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी मुंबईपासून हार्वर्डपर्यंत वर्षानुवर्षे खपले, म्हणून मराठी वाचकाचा तर या ग्रंथावर विशेष हक्क आहे. त्याच्या नवव्या परिच्छेदातील मैत्रीभावनेचे विवेचन वाचताना मनुष्यस्वभावाची केवढी सूक्ष्म पारख या भिक्षूला होती, याचे नवल वाटत राहते. त्याची पहिली ताकीदच अशी की, साधकाने वैऱ्यापासून आरंभ करू नये. आधी स्वतःविषयी शुभचिंतन करावे, मग आदरणीय व्यक्तीविषयी, मग जिवलगाविषयी, मग ज्याच्याशी आपले देणेघेणे नाही अशा माणसाविषयी. आणि एवढ्या अभ्यासाने मन मऊ झाल्यावरच अपकार करणाऱ्याकडे वळावे. वळताच क्रोध उसळला, तर स्वतःला दूषण न देता मागल्या पायरीवर यावे आणि पुन्हा यत्न करावा. तरीही क्रोध शमत नसेल, तर त्या माणसाच्या वर्तनात, वाणीत, मनात जे काही शुद्ध सापडेल तेवढेच आठवावे. काहीच शुद्ध सापडले नाही, तर पुढे त्याच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाची करुणा करावी. तेही न साधले तर स्वतःलाच प्रश्न करावा की, तू रागावला आहेस तो नेमका कशावर, त्याच्या केसांवर, नखांवर, की दातांवर?

आणि सर्व उपाय थकल्यावर बुद्धघोष म्हणतो, त्याला काहीतरी दे, किंवा त्याच्याकडून काहीतरी घे. येथे तो चित्तलपब्बत विहारातील गोष्ट सांगतो. एका वडीलधाऱ्या स्थविराने एका भिक्षेकरी भिक्षूला त्याच्या राहत्या जागेवरून तीनदा उठविले होते. त्या उठविल्या गेलेल्या भिक्षूने एके दिवशी आपले पात्र त्या वडिलांपुढे ठेवले आणि सांगितले की, आठ कार्षापणे मोलाचे हे पात्र माझ्या उपासिका आईने मला दिले आहे, ते सन्मार्गाने मिळालेले आहे, आपण स्वीकारावे म्हणजे तिला पुण्य लाभेल. मला या कथेतील पात्राची किंमत आणि आईचा उल्लेख फार मोलाचे वाटतात. तीन वेळा अपमान झालेला माणूस टाकाऊ वस्तू देत नाही. जवळचे, प्रेमाने मिळालेले, उघड किंमत असलेले तेच देतो, आणि देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून पुण्याचे निमित्त आईच्या नावावर टाकतो.

जैन परंपरेने याच कामाला मुदती घालून दिल्या. श्वेतांबर कर्मग्रंथांत कषायांचे, म्हणजे क्रोधादी विकारांचे, चार दर्जे मानले आहेत: पंधरवडाभर टिकणारा, चार महिने टिकणारा, वर्षभर टिकणारा आणि जन्मभर न सुटणारा. रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रतिक्रमणावर पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणाची जी मांडणी आहे, ती या मुदतींच्या शेजारी ठेवून पाहिली की संवत्सरीचे गांभीर्य उमगते. त्या दिवसापलीकडे वैर नेणे म्हणजे ते चौथ्या, बांधून ठेवणाऱ्या दर्जात जाऊ देणे. व्यापारउदिमातल्या घरांनी वर्षाच्या हिशेबाबरोबर मनातील बाकीही रुजू घ्यावी, ही योजना ज्यांनी केली त्यांना मनाच्या आळसाची पुरती ओळख असली पाहिजे.

ताटीच्या अभंगांचा प्रसंग या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. लोकनिंदेने व्यथित होऊन ज्ञानेश्वर ताटी लावून बसले आणि मुक्ताबाईने त्यांची समजूत घातली, ही कथा महाराष्ट्राला मुखोद्गत आहे. मात्र ती सांगताना मुक्ताईच्या अधिकाराकडे आपले दुर्लक्ष होते. वयाने ती भावंडांत सर्वांत धाकटी. पण संन्याशाची पोरे म्हणून जो छळ ज्ञानेश्वरांच्या वाट्याला आला, तोच तिच्याही वाट्याला आला होता. ती बाहेरून उपदेश करीत नव्हती. क्षमा कर असे ज्ञानेश्वरांना सांगण्याचा हक्क पैठणच्या धर्मपीठाला नव्हता, गावकऱ्यांना नव्हता. तो त्याच दुःखात होरपळलेल्या बहिणीला होता.

आता माझ्याच प्रतिपादनाला अडचणीत टाकणारी एक हकीकत. मध्य प्रदेशातील उदयनगर भागात गरीब शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवू पाहणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंदूरकडे जाताना, बसमधील उतारूंच्या समक्ष भोसकून खून झाला. मारेकरी समंदर सिंग हा दुसऱ्याच्या चिथावणीने शस्त्र उचललेला तरुण होता. स्वामी सदानंद नावाचे ख्रिस्ती धर्मगुरू तुरुंगात त्याला भेटत राहिले, आणि २००२ साली राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली व तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे केरळातून आलेल्या वृद्ध मातेने त्याचे हात हाती घेऊन त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले आहे, अशी तिची भावना होती. या कुटुंबाने राज्यपालांकडे सुटकेची विनंती केली आणि २००६ साली समंदर सिंग सुटला. म्हणजे येथे क्षमेने शिक्षेच्या दप्तरातही पाऊल टाकले. पण ते कोणी टाकले, हे पाहिले पाहिजे. अर्जावर सह्या कुटुंबाच्या होत्या, पश्चात्ताप गुन्हेगाराचा होता, आणि अंतिम हुकूम शासनाने आपल्या अधिकारात दिला. तिघांनी आपापले काम केले, कोणी दुसऱ्याच्या नावाचा आधार घेतला नाही.

आणि ज्याला क्षमा करावयाची नाही त्याचे काय? दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप टूटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोगाचे काम सुरू झाले, तेव्हा १९७७ साली पोलीस कोठडीत मारले गेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने आयोगाच्या माफीच्या तरतुदीलाच घटनात्मक न्यायालयात आव्हान दिले. १९९६ मध्ये ते हरले. तरी त्यांनी न्यायाची मागणी सोडली नाही, आणि १९९९ साली त्या पोलीस अधिकाऱ्यांचे माफीचे अर्ज आयोगाने फेटाळले. टूटूंची थोरवी मी मानतो. पण बिको कुटुंबाला कमी आध्यात्मिक ठरविण्याचे धाडस मला होत नाही. साधना सक्तीने करवून घेतली की जुलमाचा दुसरा फेरा तिच्यातून सुरू होतो, आणि तो बहुधा विधवांवर, दलितांवर, मार खाल्लेल्या सुनांवर येतो. मोठ्या मनाने सोडून द्या, हे वाक्य आपल्याकडे घराघरांत नेहमी दुबळ्यालाच ऐकविले जाते.

दारा सिंगच्या मागणीसंबंधी मला एवढेच म्हणावयाचे आहे की, तिचा निर्णय सुटकेच्या नियमांनुसार व्हावा. गुन्ह्याचे स्वरूप, भोगलेली वर्षे, तुरुंगातील वर्तणूक, सुटल्यावर समाजाला असलेला धोका, हे मुद्दे त्या फाइलीत येतात. २१ जानेवारी २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम करताना हत्येमागील हेतूविषयी केलेली काही वक्तव्ये गहजब झाल्यावर चारच दिवसांत वगळली. तेव्हा या प्रकरणात शब्द किती जपून वापरावे लागतात, याचा अनुभव न्यायसंस्थेला आहे. शासनाला सुटका द्यावयाची असेल तर ती त्याने स्वतःच्या सहीने, स्वतःच्या कारणांसह, जनतेला जाब देण्याची तयारी ठेवून द्यावी. नाकारावयाची असेल तर तीही तशीच नाकारावी. दोन्ही निकालांत ग्लॅडिस स्टेन्स यांचे नाव पुराव्यादाखल येण्याचे कारण नाही.