आम्ही महाराष्ट्राचे!

वेरूळमध्ये क्रिकेटचा विषय निघाला की लोक मुंबईचे गुण गातात. मुंबईकडे रणजी करंडक ४२ वेळा गेला, खरेच आहे. आम्ही मात्र जन्मापासून महाराष्ट्र संघाचे! प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ असे सलग दोन करंडक, ते आमच्या वडिलांनीही पाहिले नाहीत. पुढे १९७०-७१ ला अंतिम सामना मुंबईशी हरलो. १९९२-९३ ला आम्ही शाळेत होतो, पंजाबने रडवले. २०१४ साली वानखेडेवर मुंबईलाच लोळवले, केदार जाधवने मोसमात १२२३ धावा कुटल्या, शिवाय आपल्या पैठणचा अंकित बावणे संघात! आम्ही कचेरीसाठी पेढे आधीच सांगून ठेवले. हैदराबादला कर्नाटकाने सात गडी राखून हरवले. पेढे घ्यावेच लागले. मुंबईवाल्यांनी दोन-दोन खाल्ले.