शेवटचे तीनशे मीटर

मोरगावात मयूरेश्वराच्या देवळापासून चालत निघालं की थोड्याच वेळात गावठाण संपतं आणि जिरायत माळ लागतो. नवी घरं आता या माळावर उभी राहतात. कुणी आपल्याच शेतात वस्तीवर बांधतं, कुणी विकत घेतलेल्या दोन-चार गुंठ्यांवर. गुंठ्याचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो. वीज आणि पाणी घरात आणायचा खर्च मात्र त्या भावात दिसत नाही. तो जागा आणि सगळ्यात जवळचा पोल यांच्या मधल्या अंतरात दडलेला असतो, आणि अंतर दुप्पट झालं की खर्चही दुप्पट, इतका तो सरळ नसतो.

एका घराच्या दारातच पोल आहे असं समजा. तिथून सर्व्हिस वायर ओढली, मीटर बसवला की काम झालं. दुसरं घर पोलपासून तीनशे मीटर आत आहे. मग लांब वायर ओढून का भागत नाही? भागत नाही, कारण वायर स्वतःच वीज खाते. चार चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार तीनशे मीटर जाऊन परत आली, म्हणजे सहाशे मीटरची झाली, की तिचा रोध सुमारे ४.२ ओहम होतो. गिझर लावला आणि दहा अँपिअर प्रवाह वाहू लागला, तर ४२ व्होल्ट वाटेतच जातात. घरी पोचतात १९०च्याही आत, आणि चारशेहून अधिक वॅट माळावरची हवा तापवण्यात खर्ची पडतात. तार जाड घेतली तर नुकसान कमी होतं, पण तारेचं बिल वाढतं.

यावरचा उपाय मला फार विलक्षण वाटतो. दाब वाढवायचा! तीच वीज त्याच तारेतून २३० ऐवजी ११,००० व्होल्टने पाठवली, तर प्रवाह सुमारे ४८ पटींनी कमी होतो. वाटेतलं नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ते जवळजवळ २,३०० पटींनी घटतं. आपण ज्याला डीपी म्हणतो तो ट्रान्सफॉर्मर याच गणितासाठी वस्तीजवळ आणून उभा करतात. उच्च दाबाची लाइन जितकी घराजवळ येईल तितकं बरं. पण त्यासाठी नवे पोल, नव्या तारा आणि डीपी लागला, तर वीज कंपनीच्या कोटेशनचा आकडा एकदम वरच्या पायरीवर चढतो. दहा मीटरच्या फरकाने कधी काहीच बदलत नाही, कधी सगळं बदलतं.

कोटेशनच्या आत काय असतं हे जाणून घ्यावं. सर्व्हिस कनेक्शनचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवून देतो, त्यामुळे महावितरणच्या क्षेत्रात ते मोरगावला वेगळे आणि शहराला वेगळे नसतात. अनामत रक्कम ही तर आपलीच ठेव. तिच्यावर व्याज मिळतं आणि कनेक्शन बंद केलं की थकबाकी वजा होऊन ती परत येते. घरातल्या वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक ठेकेदाराकडून घ्यावा लागतो. मागणाऱ्याला वीज देण्याचं बंधन वीज कायदा २००३च्या कलम ४३ने वितरण कंपनीवर घातलं आहे, आणि लाइन टाकण्याचा वाजवी खर्च घेण्याची मुभा कलम ४६ने दिली आहे. हा समतोल सहज आलेला नाही. अमेरिकेत १९३५च्या सुमारास दहातल्या एखाद्याच शेतघरात वीज होती, कारण विखुरलेल्या घरांपर्यंत तारा नेणं खासगी कंपन्यांना परवडत नव्हतं. १९३६च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना सरकारी कर्ज मिळू लागलं, तेव्हा चित्र पालटलं. आपल्याकडे ग्रामीण विद्युतीकरणाला पैसा पुरवणारं महामंडळ १९६९ साली आलं.

आणि मीटर लागतो त्या क्षणी काय होतं पाहा. २०१३च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचं जाळंही जोडलं गेलं आणि देशभराची वीज एकाच तालावर, सेकंदाला पन्नास आवर्तनांनी, चालू लागली. मोरगावच्या माळावर कुणी दिवा लावला, की कोयनेचं आणि चंद्रपूरचं जनित्र मोजता न येण्याइतकं का होईना, त्याची दखल घेतं.

पाण्याचं गणित वेगळं आहे, पण तेही अंतराचंच. कऱ्हा नदीवर वरच्या अंगाला जेजुरीजवळ नाझरे धरण आहे, पण या पट्ट्यात पावसाचा भरवसा नसतो. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचं उद्दिष्ट ठेवलं. ग्रामपंचायतीकडे अनामत भरून नळ मिळतो, पण गावच्या मुख्य लाइनीपासून घरापर्यंतचा चर बहुधा आपला आपल्यालाच खणावा लागतो. काळ्या मातीत तो झपाझप खणला जातो, मुरुमात वेळ लागतो, आणि खाली दख्खनचा कातळ लागला की ब्रेकर आणावा लागतो. नांगराचा फाळ पोचणार नाही इतकं खोल तर जावंच लागतं. पाइपपेक्षा खोदाईच महाग पडते ती अशी.

पैसे वाचवायला म्हणून लोक अर्धा इंची पाइप टाकतात. इथे निसर्गाचा एक नियम आड येतो: पाणी तेवढंच वाहायचं असेल, तर घर्षणात जाणारा दाब व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलतो. व्यास निम्मा केला, तर दाब बत्तीस पट जास्त खर्च होतो. उलट बाजूने पाहिलं तर एक इंची एकच पाइप अर्ध्या इंचीच्या पाच पाइपांपेक्षाही थोडं जास्त पाणी वाहून नेतो.

म्हणून वस्तीवर पाच घरं होणार असतील, तर पाच चर आणि पाच बारीक पाइप कशाला? ग्रामपंचायतीची संमती घेऊन एकच चर, एक मोठा पाइप आणि शेवटी पाच फाटे करावेत. विजेचेही पाचही अर्ज एकाच वेळी दिले, तर पाच घरांचा भार एकदम समोर येतो आणि पोल नि डीपी कुठे असावेत हे सुरुवातीलाच ठरवता येतं. सांडपाण्याची गटारं इथे माळावर नाहीत, त्यामुळे शोषखड्डा मात्र ज्याचा त्याने आपल्या जागेत करायचा. तो विहीर आणि बोअरपासून जमेल तितका लांब असावा, कारण कातळाच्या भेगांतून पाणी किती दूर जाईल ते वरून दिसत नाही.